दिवाकरचे चार साचे

बसा. दिवा जरा बारीक करतो, हल्ली उजेड डोळ्यांत बोचतो. गोष्ट एका रात्रीची आहे, आणि काम तसं साधंच होतं. मिलच्या फाटकाचं कुलूप काढायचं, मैत्रीच्या कॉलेजच्या मंडळींना गोदामाच्या गच्चीवर पोचवायचं, पहाटे ती उतरली की कुलूप लावून घरी यायचं. बस.

मैत्री म्हणजे माझ्या थोरल्याची मुलगी. मिल बंद होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. मशीनं लिलावात गेली, चिमणी आणि भिंती राहिल्या. त्या भिंतींतल्या विटाही कोणी उचलून नेऊ नयेत म्हणून कोर्टाच्या साहेबाने मला चौकीदार ठेवलं होतं. जिथे तीस वर्षं कापड विणलं तिथेच काठी आपटत फिरायचो.

मैत्रीचे अरविंद सर म्हणायचे की दिवाळी झाली की महिन्याभरात एक रात्र अशी येते, दरसाल येते, की तारे तुटतात. एखादा नाही, एकामागून एक. शेपटीवाला तारा जाता जाता धूळ टाकून जातो आणि आपली पृथ्वी त्या धुळीतून निघते. त्या साली म्हणे ती धूळ तेहतीस वर्षांनी दाट होती. बघायला अंधार मात्र हवा, आणि इंदुरात अंधार कुठला? राजवाड्यापासून पलासियापर्यंत नवी दुकानं, नव्या कंपन्यांच्या पाट्या, त्या रात्रभर जळायला लागल्या होत्या. काळोख शिल्लक होता तो आमच्या मिलमध्ये.

"आजोबा, तुम्ही हो म्हणा ना," मैत्री मागे लागली.

"देपालपुरकडे जा की. शेतात कोण लाइट लावतंय?"

"तिकडे रात्री मुलींना कोण पाठवेल? तुम्ही असाल तर मम्मी सोडेल. बस एक रात!"

मग काय, हो म्हटलं.

फाटकाशी तिघं आली. मैत्री, सर, आणि अर्पित नावाचा एक लांबुडका पोरगा, तोंडाला कुलूप नसलेला. मी कुलूप काढतोय तर हा विचारतो, "क्या भिया, अंदर भूत-वूत तो नहीं है?"

"आहे की. समोर उभा आहे, किल्ल्या घेऊन."

सगळी हसली. आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. वडील महूच्या पलटणीत होते, पोरांपैकी कोणी भूत म्हणालं की कानाखाली वाजवायचे. पुढे घरात बुद्धवंदना आली, तेव्हा ते सगळं अजूनच लांब गेलं. मी सात वर्षं त्या मिलमध्ये एकट्याने रात्री काढल्या होत्या. उंदीर आणि वटवाघळं सोडून मला काही भेटलं नव्हतं.

गच्चीवर सतरंज्या टाकल्या. सरांनी दिशा वाटून दिल्या होत्या. पूर्व मैत्रीची, उत्तर अर्पितची, दक्षिण सरांची. पश्चिम सोनल नावाच्या एका मुलीची, पण तिला घरून सोडलंच नव्हतं.

"तात्याजी, पश्चिमेला तुम्ही बसता का?" सर म्हणाले. "काही करायचं नाही. नजर एका जागी ठेवायची आणि तारा तुटला की 'पश्चिम' म्हणून ओरडायचं. मी वहीत न बघता रेघ मारतो. फक्त नजर हलवायची नाही. मध्ये दुसरीकडे बघितलं की मोजणी चुकली."

"जमेल," मी म्हटलं. "दुसरं काय केलंय आयुष्यभर?"

पश्चिमेला तोंड करून बसलो. पुढ्यात, गच्चीच्या खाली, साचेखात्याचं छप्पर. करवतीच्या दातांसारखं, एका अंगाला काचा असलेलं. निम्म्या काचा फुटलेल्या. त्या छपराखाली एके काळी कापड विणायचे साडेतीनशे साचे एकदम चालायचे. आता खाली नुसता काळोख, आणि फुटक्या काचांतून वर येणारा वास. जुनं तेल, कुजका कापूस, ओली भिंत.

इथे मला थोडं मागे जावं लागेल.

साचे चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून आम्ही हातांनी बोलायचो. पाणी, मुकादम आला, धागा तुटला, बायको काय म्हणते, सगळ्याला खुणा. घरी आलो तरी हात तसेच हलायचे. मैत्री लहानपणी माझ्याकडून खेळ म्हणून त्या सगळ्या शिकली होती. त्यातली एक खूण मात्र आम्ही थट्टेत कधी वापरली नाही. दोन बोटं छातीवर टेकवायची, मग तळहात आपल्या साच्यांकडे करायचा. म्हणजे, मी जातोय, माझे साचे बघ. समोरच्याने डोळ्याला डोळा देऊन मान हलवली की ते साचे त्याचे झाले. जाणारा परत येऊन खांद्यावर दोन बोटं टेकवेपर्यंत त्याने जागा सोडायची नाही. आणि मान हलली नाही तर पहिल्याने जायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कोणी मोडलेलंही मी बघितलं नाही.

मी साचेखात्यात लागलो तेव्हा आमच्या समाजाचे तिथे दोघं-तिघंच होते. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि आमच्या तोंडचा धोटा बाकीच्यांना चालत नसे. भांडलं कोणी नाही. नुसते बघायचे नाहीत. मी हात उचलला की नेमकी सगळ्यांची मान दुसरीकडे. पहिले सहा महिने मी अख्खी पाळी पाण्याविना काढायचो. मग शेजारच्या चार साच्यांवर दिवाकर आला. पहिल्याच दिवशी मी खूण केली आणि त्याने सरळ माझ्या डोळ्यांत बघून मान हलवली. नळावर जाऊन पोटभर पाणी प्यालो.

वीस वर्षं आम्ही शेजारी उभे राहिलो. आणि एका थंडीत, रातपाळीला, फाटकावरून दिवाकरला निरोप आला की कुमुदिनी, त्याची बायको, घरी चक्कर येऊन पडली आहे. परदेशीपुऱ्यातली खोली, धावत दहा मिनिटांची वाट. त्याने माझ्याकडे बघून छातीवर दोन बोटं टेकवली. त्या पाळीला माझ्या साच्यांवर खराब सूत होतं, दर मिनिटाला तुटत होतं. मुकादमाने पाळी लागतानाच दम दिला होता, कापडाचं अजून एक थान बिघडलं तर पुन्हा बदली कामगारांच्या रांगेत उभा राहशील म्हणून. मी ती खूण पाहिली. पाहून मान खाली घातली आणि धागा जोडत राहिलो. त्याने तीनदा हात उचलला. तिन्ही वेळा मी धागा जोडत होतो.

तो गेला नाही. पाळी सुटल्यावर गेला, तोवर संपलं होतं.

नंतर तो मला म्हणाला, "तुझं लक्ष नव्हतं रे तात्या. आवाज केवढा असतो." मी हो म्हटलं. मिल बंद झाल्यावर दोन वर्षांत तोही छातीच्या दुखण्याने गेला. जाईपर्यंत त्याने मला पुन्हा ती खूण केली नाही.

तर, त्या रात्री.

एक वाजेपर्यंत तुरळकच तारे पडले. मग पूर्वेकडून सिंह राशी वर आली आणि खरंच सुरू झालं. "पूर्व!" "उत्तर!" "पूर्व, पूर्व!" माझ्या बाजूला लांब लांब रेघा येत, डोक्यावरून निघून छपराच्या पार जात. मी "पश्चिम" म्हणायचो. आवाज माझाच, पण दुसरं कोणी बोलल्यासारखा वाटायचा. मला बसवत नव्हतं. एरवी मी तासन्‌तास एका जागी बसणारा माणूस. त्या रात्री पाय सतरंजीवर ठरेनात, हातांना काम हवं होतं.

"आजोबा, चुळबुळ किती!" मैत्री मान न वळवता म्हणाली.

"बाबा को चाय की तलब लगी है," अर्पित म्हणाला.

दोनचा सुमार असेल. एकाएकी सगळं हिरवं झालं. एवढा मोठा तारा मी आधी पाहिला नाही, नंतरही नाही. आपल्या सावल्या गच्चीवर पडाव्यात आणि सरकाव्यात एवढा उजेड. मुलं ओरडली. मला वर बघायचं होतं, पण मी खाली बघितलं. फुटक्या काचांतून साचेखात्याची फरशी स्वच्छ दिसत होती. रिकामी. आणि मधल्या खांबापाशी, दिवाकरच्या जागेवर, एक माणूस उभा होता. तोंड वर करून, माझ्याकडे.

त्याने दोन बोटं छातीवर टेकवली. मग तळहात वळवला.

आणि मी मान हलवली.

विचार करून नाही हलवली. तीस वर्षांची सवय. विणकराला कोणी ती खूण केली की मान आपोआप जाते. एकदाच गेली नव्हती. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती नाही वाटली. हलकं वाटलं. एवढ्या वर्षांनी मी ते पाहिलं होतं, आणि पाहिलं असं त्याला सांगितलं होतं.

उजेड विझला. खाली पुन्हा काळोख.

"तात्याजी, पश्चिमेला गेला ना तो? लिहू?" सर विचारत होते. पण माझे पाय उठले होते.

कसं सांगू तुम्हाला... कोणी ओढत नव्हतं. चुलीवर दूध ठेवून माणूस बाहेर आलेला असतो आणि मध्येच आठवतं, तसं. साचे उघडे पडलेत. कोणी बघायला नाही. मी मान हलवली आहे.

"जरा जाऊन येतो," म्हणालो आणि लोखंडी जिना उतरलो.

साचेखात्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. बॅटरी लावली नाही, तिथे मला ती कधी लागलीच नाही. पायाखाली काचा वाजत होत्या. साचे काढून नेल्यावर फरशीत बोल्टच राहिले होते, आणि तेलाचे चौकोनी डाग. अंधारात मोजत गेलो. मधला खांब, त्याच्या उजवीकडे माझे चार, डावीकडे दिवाकरचे चार. त्या चौकोनांच्या मधे जाऊन उभा राहिलो.

तिथे कोणी नव्हतं. दिवाकर गेला होता.

थोड्या वेळाने तळव्यांना कळलं. फरशी थरथरत होती. साचे चालू असताना थरथरते तशी, बारीक, न थांबणारी. आवाज नव्हता. सगळं होतं, फक्त आवाज नव्हता. मनगटाला काहीतरी घासून जायचं आणि माझी बोटं आपोआप पुढे होऊन तुटलेलं टोक शोधायची, गाठ मारायची. हवेत. एक गाठ मारली की दुसरीकडे तुटायचं. कपाळाला घाम, त्या थंडीत. इकडून तिकडे, तिकडून इकडे. एक पाऊल चौकोनाबाहेर टाकून बघितलं. पाय उचललाच गेला नाही. जड नव्हता झालेला. मी उचलतच नव्हतो.

तो येईल, मी मनाशी म्हणत होतो. बायकोला बघायला गेलाय. दहा मिनिटांची वाट. येईल.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. वर मुलांचे आवाज लांबून येत होते. मग दाराशी लाल उजेड हलला. बॅटरीला लाल कागद लावून मैत्री आली होती.

"आजोबा? ...इथे काय करताय?"

"वर जा तू."

"पाच वाजायला आले. कितनी देर से ढूंढ रही हूं... तुम्ही कोणाशी हातवारे करत होता?"

"कोणाशी नाही. जा, बाळा."

ती पुढे आली. काचा वाजल्या. माझ्यापासून पाच-सहा हातांवर उभी राहिली, बरोबर जिथे माझे साचे असायचे तिथे. शेजारी. आणि मला दिसलं की माझा उजवा हात वर येतोय. मी आणत नव्हतो. दोन बोटं छातीला टेकली. मग तळहात वळायला लागला.

मैत्रीला ती खूण येत होती. ते माझंच काम.

"अरे, बस इतना?" ती हसली. घाबरलेलं माणूस हसतं तसं. "तुम्ही जा, बसा जरा. मी..." आणि तिची हनुवटी उचलली गेली, मान हलवायला.

मी डोळे घट्ट मिटले. तोंड भिंतीकडे फिरवलं. उत्तर नजरेने घेतल्याशिवाय जायचं नाही, हा नियम. मी उत्तर घेतलं नाही.

"आजोबा?"

"मान हलवू नकोस. हात शालीत घाल. दोन्ही."

"मला भीती वाटतेय..."

"वाटू दे. हात आत. दाराबाहेर जाऊन उभी राहा, पाठ करून."

ती रडत होती, पण गेली. पोर गुणाची आहे. मी तसाच, डोळे मिटून. माझा हात पुन्हा पुन्हा छातीवर यायचा, आणि पुढ्यात कोणी नसायचं. मी म्हातारा आहे, मी म्हटलं. मी उभा राहतो. माझंच देणं आहे ते. पण पोरीला नको.

मग वास आला. तेल-कापसाचा नाही. धुराचा, चुलीचा, घरातला. माझ्या मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं होतं. श्वास ऐकू येत नव्हता. पण उभं राहिलेलं माणूस कळतं.

"आलास?" मी म्हटलं.

खांद्यावर दोन बोटं टेकली. हलकी, बिचकत, आत्ताच कोणी शिकवून पाठवल्यासारखी. दिवाकर नेहमी डाव्या खांद्याला शिवायचा. ही बोटं उजव्यावर होती. आणि बारीक होती.

मी डोळे उघडले नाहीत. पाय सुटले तसा भिंतीला धरत दाराकडे गेलो, मैत्रीचा खांदा चाचपडला आणि आम्ही दोघं मागे न बघता बाहेर आलो. पूर्वेला फटफटत होतं. सर सतरंज्या गुंडाळत होते. म्हणाले, "तात्याजी, पश्चिमेला दोननंतर एक रेघ नाही. खालीच झोप लागली वाटतं?" मी हो म्हटलं.

घरी माझ्या बायकोने, मीराबाईने, सदरा धुवायला घेतला आणि मोरीतूनच हाक मारली. "अहो, हे उजव्या खांद्यावर काय लागलंय? कणीक वाटते. सुकलीय पार."

ती बराच वेळ नखाने खरवडत होती. मग हळूच म्हणाली, "कुमुदिनीला अंघोळ मीच घातली होती ना. कणीक मळता मळता पडली बिचारी. बोटांची कणीक निघता निघत नव्हती. किती पाणी घातलं..."

तिला मी त्या रात्रीचं काही सांगितलेलं नव्हतं. आजही सांगितलेलं नाही.

म्हणजे दिवाकर सुटला. तो घरी गेला, आणि त्याच्या जागी कुमुदिनी आली. जी कधी मिलचं फाटक ओलांडून आत आली नव्हती. हे कळल्यापासून मला एका जागी बसवत नाही. चौकीदारी सोडली. दिवसा शहरभर फिरतो, सियागंजापर्यंत जातो आणि काम नसताना परत येतो. तीन-चारदा मिलच्या फाटकापर्यंत गेलो, की जाऊन तिला सोडवावं. आत नाही गेलो. धीर झाला नाही.

वर्ष झालं त्याला. आज पुन्हा तीच रात्र आहे. मैत्री सरांबरोबर सिमरोलच्या बाजूला गेलीय, मिल तिने कायमची सोडली. मी संध्याकाळी इथे बसलो होतो. मीराबाई आत परात घेऊन बसली होती. कणीक मळता मळता तिने मान वर केली आणि मागच्या दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. तिने नीट बघितलं, शेजारीण काही मागते तेव्हा बघतात तसं, आणि मान हलवली. एकदाच.

"कोण होतं गं?" मी विचारलं.

"कोणी नाही."

कणीक मळून झाली होती. दिवे लागले, मी म्हटलं, ऊठ आता, चूल पेटव.

"थांबा हो," ती म्हणाली. "आत्ता नाही उठता यायचं."

तेव्हापासून ती तशीच बसलीय. तुम्ही येताना मोटारींचा आवाज होता म्हणून कळलं नसेल. आता जरा कान द्या. ती अजून मळतेय.